हिरडीचेही 'टिश्यू कल्चर'! तंबाखूचा बार भरल्यावर आत नेमके काय जाते?

डोंगरकडा, वारंगा फाटा, अर्धापूर या पट्ट्यातील केळी उत्पादकाला 'टिश्यू कल्चर' म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. पूर्वी अर्धापुरी केळीचे कंद जुन्या बागेतून खोदायचे, निवडायचे, बैलगाडीत भरून आणायचे आणि त्यांच्याबरोबर जुन्या बागेचे रोगही आणायचे, अशी रीत होती. आता पिशवीतली ग्रँड नैन रोपे येतात. सगळी एका वयाची, एका उंचीची. कोंबाचा बारीकसा तुकडा घेऊन त्याला काचेच्या बरणीत अन्न, ऊब आणि निर्जंतुक हवा दिली की तो वाढतो, हे इथल्या दहावी नापास पोरालाही ठाऊक आहे.

पण माणसाची हिरडीही अशीच बरणीत वाढवता येते, असे सांगितले तर पारावरचा माणूस म्हणेल, "काय सांगता राव, हिरडी लावून करायचं काय?"

करायचे काय, तेच आज सांगायचे आहे. कारण या हिरडीचा संबंध आपल्या खिशातल्या चुन्याच्या डबीशी आहे, सकाळी चुलीपाशी बसून मिसरी लावणाऱ्या माउलीशी आहे आणि फवारणीच्या हाताने तंबाखू मळणाऱ्या सालगड्याशीही आहे. तोंडात ठेवलेला पदार्थ हिरडीतून, गालातून, ओठाच्या आतल्या अस्तरातून अंगात किती जातो आणि किती वेगाने जातो, हे मोजण्यासाठी ती वाढवितात. तोंड हा नुसता पोटाकडे जाण्याचा रस्ता नाही. ते स्वतःच एक दार आहे.

दाराची परीक्षा

छातीत कळ आली की डॉक्टर जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवायला सांगतात. गिळायला सांगत नाहीत. कारण गिळलेले औषध आधी पोटात, तेथून यकृतात जाते आणि यकृत त्यातला बराचसा भाग मोडून टाकते. जिभेखालचे औषध थेट मानेच्या शिरांत उतरून हृदयाकडे पोहोचते. जे गोळीचे तेच तंबाखूचे. हे दार औषधाला उघडे आणि विषाला बंद असे काही नसते.

तोंडातही सगळी जागा सारखी नाही. जिभेखालचे अस्तर सर्वांत पातळ, त्यातून पदार्थ लवकर झिरपतो. गालाचे त्याखालोखाल. हिरडी आणि टाळू यांच्यावर मात्र कठीण थर असतो. भाकरी चावताना घासणे सोसावे म्हणून निसर्गाने तो दिला आहे. तरीही ती कातडीपेक्षा जास्त पाझरते. शिवाय हिरडी दाताला जिथे चिकटते तिथल्या फटीत हा कठीण थर नसतो. तिथे अस्तर नाजूक आणि विरळ असते. आता आपला माणूस बार कुठे भरतो? खालच्या ओठात, हिरडीला लागून. एका बाजूला ओठाचे मऊ अस्तर, दुसऱ्या बाजूला दाताच्या मुळाशी असलेली ती फट. दाराची सर्वांत कच्ची कडी जिथे आहे नेमकी तीच जागा आपण पिढ्यान्पिढ्या निवडत आलो.

हे मोजायचे कसे? जिवंत माणसाच्या तोंडात विष ठेवून दर पाच मिनिटाला रक्त काढता येत नाही. म्हणून आधी जनावरे वापरली गेली. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात धान्य साठवायची पिशवी असते, तिच्यावर पुष्कळ प्रयोग झाले. पण तिचे अस्तर माणसाच्या गालापेक्षा कठीण. मग कत्तलखान्यातून डुकराचे गाल आणले गेले. डुकराचे गालफड आणि माणसाचे गालफड यांच्या अस्तरात फार फरक नाही, हे ऐकून कोणाला राग येऊ नये, पण शास्त्राचे म्हणणे तसेच आहे. तरी डुक्कर ते डुक्कर. शेवटी माणसाची उती हवी, आणि ती कोणाला इजा न करता हवी.

चकती कशी तयार होते

१९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन या दोघांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत मुबलक वाढवण्याची रीत शोधून काढली. ती मूळची भाजलेल्या रोग्यांना कातडी लावण्याच्या कामी आली. त्याच वाटेने पुढे गाल आणि हिरडी यांच्या उती आल्या.

दाढ काढताना किंवा हिरडीची शस्त्रक्रिया करताना थोडेसे मांस कापले जाते. एरवी ते फेकून देतात. रोग्याची लेखी संमती घेऊन तो तुकडा प्रयोगशाळेत नेतात आणि त्यातल्या पेशी सुट्या करतात. प्लॅस्टिकच्या लहान पेल्यासारख्या नळीच्या तळाशी बारीक छिद्रांचा पडदा असतो, त्यावर या पेशी पसरतात. खाली पोषक द्रव. आधी पेशी द्रवात बुडालेल्या असतात. पडदा भरला की वरचा द्रव काढून घेतात. आता खालून ओल आणि वरून हवा. आपल्या तोंडात हिरडीला खालून रक्त मिळते आणि वर हवा लागते, तशी ही नक्कल आहे. उष्णता ३७ अंश, म्हणजे अंगाइतकी. दोन-तीन आठवड्यांत पेशींचे थरावर थर चढतात आणि वरचा थर खऱ्या हिरडीसारखा कठीण होतो. तयार चकतीची रुंदी एक सेंटिमीटरही नसते. शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान.

केळीत आणि यात एक मोठा फरक आहे. केळीच्या कोंबाच्या तुकड्यातून पुढे अख्खे झाड उभे राहते, त्याला घडही लागतो. हिरडीच्या पेशीतून माणूस काय, दातसुद्धा उगवत नाही. फक्त चकती. तीही काही दिवसच जिवंत राहते. अशा तयार चकत्या विकणाऱ्या कंपन्या आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातली मॅटटेक ही १९८५ साली निघालेली कंपनी त्यांपैकी एक, आणि फ्रान्समध्ये लिऑं शहरातली एपिस्किन ही दुसरी. गार पाकिटात भरून चकत्या पाठवितात आणि पोहोचल्या की लगेच वापराव्या लागतात. दुधाच्या कॅनसारखाच प्रकार, उशीर झाला की माल गेला.

परीक्षा अशी. चकतीवर तपासायचा पदार्थ ठेवायचा. तंबाखूचा अर्क असेल, टूथपेस्ट असेल, गुळण्या करायचे औषध असेल. दर थोड्या वेळाने पडद्याखालचा द्रव काढून त्यात काय आणि किती उतरले ते यंत्राने मोजायचे. शेतात पाणी सोडल्यावर ओल किती खोल गेली हे आपण टिकाव मारून पाहतो, तसे. दुसरी परीक्षा चकती जिवंत आहे की मेली याची. त्यासाठी एक पिवळे रसायन आहे. जिवंत पेशी त्याचा रंग जांभळा करतात, मेलेल्या करीत नाहीत. जांभळा रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत. तिसरी परीक्षा विजेची. चकतीतून अगदी सौम्य वीज सोडून ती किती अडते ते पाहायचे. अडथळा कमी झाला म्हणजे अस्तराला भगदाडे पडली.

आपल्याकडे पेशी वाढविण्याचे शास्त्र नवीन नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशभरातल्या संशोधकांना पेशी पुरविणारा साठा आहे, बियाणे महामंडळासारखा. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० च्या सुमारास भारतीय रोग्यांच्या तोंडातल्या गाठींपासून पेशींचे वाण तयार केले. हीच संस्था पुढे २००२ पासून खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये काम करू लागली. कर्करोगाच्या पेशी मरत नाहीत, कितीही पिढ्या वाढत राहतात, म्हणून त्यांच्यावर काम करणे सोपे. निरोगी हिरडीच्या पेशी थोड्या पिढ्यांनंतर थकतात आणि पुन्हा नव्या माणसाकडून घ्याव्या लागतात. संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते, तशातली गत.

'संमती' हा शब्द वर आला, त्यावर थोडे थांबू. १९५१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या गरीब काळ्या बाईच्या गाठीतून डॉक्टरांनी पेशी घेतल्या. तिला विचारले नाही, घरच्यांनाही सांगितले नाही. ती त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी आजही जगभरातल्या प्रयोगशाळांत वाढत आहेत आणि त्यांच्यावर कंपन्यांनी पैसा कमावला. म्हणून आता कागदावर सही लागते. आपल्याकडेही शस्त्रक्रियेच्या वेळी सहीसाठी कागद पुढे करतात. तो वाचून घ्या, किंवा पोराकडून वाचून घ्या. त्यात काय लिहिले आहे हे विचारण्याचा हक्क रोग्याचा आहे.

चुन्याची करामत

आता मुद्द्याचे. तंबाखूला चुना का लावतात? कोणालाही विचारा, "चुन्याबिगर चढत न्हाई" हेच उत्तर मिळेल. उत्तर बरोबर आहे. फक्त ते का, हे प्रयोगशाळेने सांगितले.

माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' हा शब्द असतो. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर विम्ल. आपल्या मराठवाड्यातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा सातच्या वरच भरतो. आणि अमोनियम सल्फेट चुन्यात मिसळू नये, हे कृषी सहायक सांगतात. मिसळले तर नाकाला झोंबणारा वास सुटतो, कारण क्षारात बांधलेला अमोनिया मोकळा होऊन उडून जातो. तंबाखूतल्या निकोटीनचे अगदी तसेच आहे. सामू सहा असेल तर शंभरातला जेमतेम एक भाग मोकळा असतो. सातला नऊ भाग. आठला निम्मा. नऊला शंभरातले नव्वद. बांधलेले निकोटीन अस्तराबाहेर अडून राहते आणि मोकळे झालेले पार जाते. डुकराच्या तोंडाच्या अस्तरावर जे प्रयोग झाले त्यांत हेच दिसले. द्रव जसजसा विम्ल केला तसतसे निकोटीन भराभर पलीकडे उतरू लागले.

म्हणजे चुन्याची ती टिकली चवीसाठी नाही. ती कुलपाची किल्ली आहे. आणि ती किल्ली एकट्या निकोटीनला आत सोडत नाही. चुना अस्तराला भाजतो. रोज भाजलेल्या जागी तंबाखूतली नायट्रोसामाईन नावाची रसायने तासन्तास बसून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांतल्या दोन मुख्य रसायनांना 'माणसात कर्करोग करणारी' या पहिल्या गटात टाकले आहे. निकोटीन सवय लावते, ही रसायने गाठ देतात. एकाने गिऱ्हाईक बांधून ठेवायचे, दुसऱ्याने हिशेब चुकता करायचा, अशी ही भागीदारी.

सुपारीचेही तेच. २००४ मध्ये त्याच संस्थेने नुसत्या सुपारीलाही, म्हणजे तंबाखू नसली तरी, त्या पहिल्या गटात घातले. सुपारीने गालाचे अस्तर आतून दोरीसारखे घट्ट होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. गुटखा खाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या पोरांत हे दिसते. तिखट लागले की आग आग होते, ही त्याची पहिली खूण. घरी तपासायचे तर स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहावीत. जात नसतील तर दंतवैद्याला गाठावे. राज्यात जुलै २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली. बंदीनंतर पुडी कुठे आणि कशी मिळते हे या पानाच्या वाचकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मिसरीची गोष्ट वेगळी नाही

पुरुषांची तंबाखू चव्हाट्यावर असते, बायांची मिसरी घरात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करायची, बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना चोळायची. "दात घासते बाई, तंबाखू कुठं खाते?" असे म्हणणाऱ्या आया आणि सासवा प्रत्येक गावात आहेत. पण हिरडीच्या दृष्टीने पाहिले तर तंबाखू बारीक पूड करून, दाबून, चोळून नेमकी त्या नाजूक फटीत बसविण्याची याहून चांगली युक्ती नाही. भाजल्यामुळे ती सौम्य होते हाही गैरसमज आहे. जळताना तीत बेंझोपायरीनसारखी, धुराच्या काजळीत असतात तशी, विषे नव्याने तयार होतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांनी दंतसंशोधनाचा विभाग चालविला. त्यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यात गावोगाव हिंडून १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. अहवाल १९७२ मध्ये छापून आला. शंभरातल्या सुमारे ३९ बाया मिसरी लावणाऱ्या निघाल्या. पुरुषांत हे प्रमाण शंभरी एकही नव्हते. त्या काळी, त्या रस्त्यांवरून, टॉर्चच्या उजेडात लाखभर माणसांचे तोंड पाहणे हे काम किती कष्टाचे असेल, याचा अंदाज पल्स पोलिओला फिरलेल्या कर्मचाऱ्यांना येईल.

पुढे मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या बाया बहुतांशी मिसरीवाल्याच होत्या. त्यांच्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅम कमी भरले. आईने गिळले काही नाही, धूर घेतला नाही, फक्त हिरडीला चोळले. तरी पोटातल्या बाळाच्या वाट्याचे सव्वा पावशेर नव्हे, पण छटाकभराहून जास्त वजन गेले. अंगणवाडीच्या काट्यावर १०५ ग्रॅमला काय किंमत आहे ते सेविकाताईंना विचारा.

केंद्र सरकारने १९९२ मध्येच दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती उचलून धरली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला कोणता कायदा लागू करणार? तिथे सूनच काही बोलू शकेल, आणि सून बोलेल अशी घरे किती?

फवारणी आणि बार

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मे यांबद्दल खूप बोलले गेले, किटही वाटले गेले. एका गोष्टीबद्दल मात्र फारसे बोलले गेले नाही. पंप पाठीवरून उतरवला की माणूस बांधावर बसतो आणि पहिल्यांदा काय करतो? तळहातावर तंबाखू घेतो आणि अंगठ्याने मळतो. त्याच तळहातावर, ज्याने आताच औषधाचे झाकण उघडले.

तळहाताची कातडी जाड, तिच्यातून विष हळू जाते. तेच विष तंबाखूत मळून ओठाखाली ठेवले की जाड कातडीची राखण संपली. कीटकनाशके बहुतेक तेलाशी सलगी करणारी असतात, आणि तोंडाच्या अस्तरातून असे पदार्थ सहज पार जातात. डब्यावरच्या चिठ्ठीत फवारताना खाऊ-पिऊ नये, विडी ओढू नये, तंबाखू चघळू नये असे लिहिलेले असते. अक्षर इतके बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही, हे खरे. लाल त्रिकोण मात्र सगळ्यांना दिसतो. लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेले औषध मारायचे असेल त्या दिवशी पुडी घरीच ठेवावी आणि सालगड्यालाही तसे सांगावे. रानात साबण आणि पाण्याचा ड्रम ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्याला फार खर्च येत नाही.

हळद लावली की झाले?

आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतला हळदीचे संशोधन केंद्र झाले, मोंढ्यात हळदीच्या भावावर गावाचे वर्ष ठरते. साहजिकच "तोंडात चट्टा आला तर हळद लावा" हा सल्ला इथे लगेच मिळतो. जखमेवर हळद हे आपल्या आजीचे ज्ञान आहे आणि ते आपलेच आहे हे अमेरिकेनेही मान्य केले. १९९५ मध्ये तिकडे दिलेले हळदीचे पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळात आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढून १९९७ मध्ये रद्द करवले.

पण आदर वेगळा आणि मोजमाप वेगळे. हळदीतला कर्क्युमिन हा गुणकारी घटक पाण्यात विरघळत नाही. बोटाने लावलेली हळद हिरडीला पिवळी करते, आत फारशी उतरत नाही, लाळेबरोबर निघून जाते. म्हणून संशोधक कर्क्युमिनचे चिकट मलम आणि पातळ पट्ट्या बनवून ते अस्तराला चिकटून राहील काय आणि खाली उतरेल काय हे पाहत आहेत. वाढविलेल्या चकतीचा खरा उपयोग इथे होतो. कोणते मलम किती उतरले ते माणसाच्या तोंडाला हात न लावता कळते. असे मलम पुढे यशस्वी झाले तर हळकुंडापेक्षा जास्त भाव देणारी बाजारपेठ आपल्या दाराशी येईल, ही आशा ठेवायला हरकत नाही. तोवर बाजारात 'हळदीने तोंडाचा कॅन्सर बरा' म्हणून कोणी बाटली विकायला आला तर त्याला बसायला सतरंजी देऊ नये.

चकतीची मर्यादा

या चकत्यांचे कौतुक करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चकतीला लाळ नाही, रक्त नाही, दात नाहीत आणि वय तर अजिबात नाही. माणूस तंबाखू वीस-पंचवीस वर्षे धरतो, चकती आठवडा-दोन आठवडे टिकते. आज काय आत गेले ते ती सांगेल, वीस वर्षांनी गाठ येईल की नाही हे सांगणार नाही.

आणि ही चकती आरोग्य खात्याच्याच हातात आहे असेही नाही. परदेशातल्या बड्या तंबाखू कंपन्यांनी तिचा वापर केला आहे. हिरडीशी ठेवायची निकोटीनची पांढरी पाकिटे चकतीवर ठेवली, शेजारी सिगारेटच्या धुराचा अर्क ठेवला आणि पाकिटाने पेशी कमी मेल्या असे दाखविले. असेलही. मण्यारीपेक्षा फुरसे लहान असते, म्हणून कोणी ते खिशात घालत नाही.

सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत मात्र या तंत्राने खरा बदल घडविला. युरोपने २०१३ मध्ये आणि भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांची जनावरांवरील चाचणी बंद केली. २०२३ मध्ये आपल्या नवीन औषधांच्या नियमांतही दुरुस्ती होऊन पेशी आणि वाढविलेल्या उतींवरच्या चाचण्यांना जागा मिळाली. सशाच्या डोळ्यात औषध घालून पाहण्याचे दिवस हळूहळू सरत आहेत.

गावात काय करता येईल

प्रयोगशाळा गावात येणार नाही, आणि यायची गरजही नाही. तोंड उघडून पाहायला टॉर्च पुरते. डॉ. मेहतांच्याच परंपरेत डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केरळमधील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम आणि गुजरातमधील भावनगर या जिल्ह्यांतल्या खेड्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६ हजारांवर माणसांना दरवर्षी भेटून, समजावून, त्यांची तोंडे तपासली. १९८६ मध्ये निष्कर्ष आला. समजावण्याने बऱ्याच जणांनी सवय सोडली किंवा कमी केली, आणि तोंडातले पांढरे चट्टे नव्याने उठण्याचे प्रमाण घटले. म्हणजे हिरडीला अक्कल आहे, मारा थांबला की ती सावरते. केरळातच तिरुवनंतपुरम जिल्ह्यात नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले, असे २००५ मध्ये जाहीर झाले.

आपल्या राज्यात २०१६-१७ च्या पाहणीत शंभर प्रौढांमागे २४ जण धूर न काढणारी तंबाखू वापरणारे आढळले. त्या मानाने विडी-सिगारेटवाले चारसुद्धा नव्हते. म्हणजे महाराष्ट्राचा तंबाखूचा प्रश्न फुफ्फुसाआधी हिरडीचा आहे, आणि शाळेत लावलेल्या फलकावर मात्र अजूनही सिगारेटचेच चित्र असते.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये आणि अठरा वर्षांखालील मुलाला विकूच नये, असा २००३ चा कायदा आहे. अंतर मोजायला तलाठ्याची साखळी लागत नाही. ग्रामसभेत विषय घेऊन ठराव करता येतो, टपरीवाल्याला आधी समज आणि मग पावती देता येते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा अर्ज आशाताई भरून घेतात. त्यात तंबाखूबद्दल आणि तोंडातल्या चट्ट्याबद्दल प्रश्न असतात. तिथे खरे सांगावे. लाजेने "न्हाई वो, कधीमधी" म्हणणाऱ्यांचाच चट्टा उशिरा सापडतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल डाग, तिखट न सोसणे, तोंड कमी उघडणे, यातले काहीही असले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथून दंतविभागाकडे चिठ्ठी मिळते. मिसरी लावणाऱ्या बायांना कोणी आपणहून विचारत नाही, म्हणून बचत गटाच्या बैठकीला एकदा टॉर्च घेऊन आरोग्यसेविकेला बोलवावे.

सोडायची इच्छा आहे पण जमत नाही, अशांसाठी केंद्र सरकारचा फुकट फोन आहे : १८००-११-२३५६. पहिले काही दिवस डोके जड होते, चिडचिड होते, हात आपोआप खिशाकडे जातो. तेव्हा बडीशेप किंवा लवंग ठेवावी. चुन्याची डबी मात्र घरात ठेवू नये.